श्रवण ही साधना : ‘दासबोधा’तील मनोनिग्रहाचा विचार आणि गोरेगावची बैठक

विजयादशमीच्या दिवशी, ८ ऑक्टोबर १९४३ रोजी, मुंबईच्या उत्तरेकडील गोरेगाव येथे नारायण विष्णु धर्माधिकारी यांनी समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’च्या निरूपणाची बैठक सुरू केली. नानासाहेब या नावाने पुढे ओळखले गेलेले धर्माधिकारी त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. त्यांचे मूळ गाव कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील रेवदंडा. या बैठकीतून पुढे महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही बैठकांचे जाळे निर्माण झाले. या घटनेचा विचार सामान्यतः सांप्रदायिक अथवा सामाजिक अंगाने केला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. मनाला शिस्त लावण्यासाठी आसन, प्राणायाम, जप, उपवास, तीर्थाटन अशी अनेक साधने परंपरेत उपलब्ध असताना एका ग्रंथाचे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सर्वांनी मिळून श्रवण करणे हीच साधना म्हणून का निवडली गेली? आणि सतराव्या शतकातील एका ओवीबद्ध ग्रंथाला विसाव्या शतकातील उपनगरी श्रोत्याच्या मनाचे नियमन करण्याचे सामर्थ्य कोठून प्राप्त झाले?

या प्रश्नांची उत्तरे ‘दासबोधा’च्या अंतरंगातच शोधावी लागतात. साधनेची निवड कशी करावी, मन चळते ते कोणत्या क्रमाने, आणि त्यावर गृहस्थाला पेलेल असा उपाय कोणता, यासंबंधी रामदासांनी या ग्रंथात निरनिराळ्या ठिकाणी जो विचार मांडला आहे तो एकत्र करून पाहणे आणि त्याच्या प्रकाशात गोरेगावच्या बैठकीचे स्वरूप समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. साधनांचे वैपुल्य आणि निवडीचा प्रश्न

साधनांच्या वैपुल्याची साक्ष गोरेगावच्या परिसरातच मिळते. पूर्वेकडील डोंगरात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या प्रारंभाच्या आसपास सुरू झालेला तेथील भिक्षुसंघाचा वास हजार वर्षांच्या जवळपास टिकला. दक्षिणेकडे जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील शैव लेणे आहे आणि पाशुपत मार्गाचा आचार्य लकुलीश याच्या प्रतिमा तेथे कोरलेल्या आहेत. एका ठिकाणी विनय आणि ध्यान, दुसऱ्या ठिकाणी व्रत आणि योग, असे चित्ताच्या नियमनाचे दोन भिन्न मार्ग काही मैलांच्या अंतरावर नांदून गेले. हे दोन्ही मार्ग मुख्यतः गृहत्याग केलेल्यांचे होते. संसारात राहणाऱ्या माणसाने काय करावे, हा प्रश्न मराठी संतवाङ्मयाने आपला मानला.

‘ज्ञानेश्वरी’त (शके १२१२, इ. स. १२९०) या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. सहाव्या अध्यायात ज्ञानदेवांनी कुंडलिनीयोगाचे अत्यंत विस्तृत आणि रसाळ वर्णन केले आहे. परंतु मन हे वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी अर्जुनाची तक्रार येताच त्यांचे निवेदन अधिक मृदू होते. मनाला ज्या ठिकाणी गोडी लागते तेथे ते वारंवार जाते. हा त्याचा एक चांगला गुण आहे, म्हणून त्याला आत्मसुखाची चव दाखवीत जावे, असे ते सुचवितात. बाराव्या अध्यायात ज्याला जे झेपेल ते करावे अशी उतरती श्रेणीच मांडली आहे. संपूर्ण चित्त अर्पण करता येत नसेल, तर आठ प्रहरांतील एखादा क्षण तरी द्यावा. पौर्णिमेनंतर चंद्रबिंब जसे दिवसेंदिवस घटत अमावास्येला नाहीसे होते, तसे मन हळूहळू विषयांतून बाहेर पडेल, असा दृष्टांत ज्ञानदेव तेथे योजतात. साधना साधकाच्या शक्तीनुसार निवडावी आणि ती अल्प असली तरी नित्य असावी, हे सूत्र येथेच स्पष्ट झालेले आहे.

रामदासांनी हेच सूत्र पुढे नेले. मात्र निवडीचा प्रश्न त्यांनी अधिक उघडपणे हाताळला. चौथ्या दशकाच्या पहिल्या समासात श्रवणभक्तीचे निरूपण करताना त्यांनी साधनांची एक प्रदीर्घ यादीच दिली आहे. कर्ममार्ग, उपासनामार्ग, योगमार्ग, वैराग्यमार्ग, नाना व्रते, नाना तीर्थे, नाना आसने आणि मुद्रा, केवळ दूध, फळे किंवा पाने खाऊन राहणारे, पाण्यात, उन्हात, अरण्यात वास करणारे, हठयोगी, अघोरयोगी, असे तत्कालीन साधनाविश्वच श्रोत्यापुढे उभे राहते. लक्षणीय गोष्ट अशी की हे सर्व करावे असे रामदास म्हणत नाहीत. हे सर्व ऐकावे, असे म्हणतात. ऐकल्यानंतर त्यातील असार टाकावे आणि सार घ्यावे, हा त्यांचा निष्कर्ष आहे. श्रवण ही अनेक साधनांपैकी एक साधना तर आहेच, पण इतर साधनांची पारख करण्याचे साधनही तेच आहे. रामदासांच्या विचारातील श्रवणाचे अग्रस्थान या दुहेरी भूमिकेमुळे सिद्ध होते.

२. तपाकडून निरूपणाकडे

श्रवणाला हे स्थान देणारा ग्रंथकार स्वतः कठोर तप करून आलेला होता, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी नाशिकजवळील टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली आणि त्यानंतर बारा वर्षे देशभर भ्रमण केले, असे समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. नदीच्या पात्रात उभे राहून केलेला जप, सूर्यनमस्कार, भिक्षा हे सर्व त्या चरित्रकथेचे भाग आहेत. कृष्णाकाठी आल्यानंतर मात्र त्यांनी आपल्या टाकळीच्या दिनक्रमाचा आदर्श सर्वांपुढे ठेवला नाही. बलोपासनेसाठी मारुतीची स्थापना, संघटनेसाठी मठ आणि मनोनिग्रहासाठी ग्रंथ, अशी त्यांच्या कार्याची विभागणी करता येईल.

वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास, अशा दोनशे समासांच्या ‘दासबोधा’ची रचना याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रंथ श्रोता आणि वक्ता यांच्या संवादाच्या रूपाने पुढे जातो. श्रोता आशंका घेतो, वक्ता तिचे निरसन करतो आणि पुष्कळदा त्या निरसनातूनच नवी आशंका निर्माण होते. समास हा या संवादाचा घटक एका बैठकीत ऐकून होईल इतक्या बेताचा आहे. ओवीला गणमात्रांचे कडक बंधन नसल्यामुळे ती बोलण्याच्या जवळ राहते आणि यमकामुळे स्मरणात टिकते. ‘मनाचे श्लोक’ या दोनशे पाच श्लोकांच्या रचनेत रामदासांनी वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे भुजंगप्रयात वृत्ताची चार यगणांची ठाशीव चाल आहे आणि मनालाच सज्जन म्हणून संबोधिलेले आहे. ‘मनाचे श्लोक’ मुख्यतः म्हणावयाचे आहेत, ‘दासबोध’ मुख्यतः ऐकावयाचा व विवरावयाचा आहे. एकाचा आधार पाठांतर, दुसऱ्याचा आधार आकलन. मनाच्या शिस्तीसाठी दोहोंची गरज रामदासांना जाणवली होती, असे या दोन रचनांच्या घडणीवरून म्हणता येते.

३. दुश्चितपणाचे निदान

आठव्या दशकाचा सहावा समास ‘दुश्चितनिरूपण’ या नावाचा आहे. मनोनिग्रहाच्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथात या समासाइतके सूक्ष्म निरीक्षण क्वचितच आढळेल. ‘दुश्चित’ म्हणजे ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा माणूस. तो शरीराने श्रवणाला बसलेला असतो, पण मन दुसरीकडेच भटकत असते. हा दुश्चितपणा एकटा येत नाही. त्याच्यामागून आळस येतो, आळसामागून निद्रा येते आणि आयुष्याचा नाश होतो, अशी कारणपरंपरा रामदास दाखवितात. येथे काम, क्रोध, लोभ या षड्रिपूंची परिचित चर्चा नाही. मोठ्या विकारांच्या आधी जी साधी अनवधानता असते, तिच्यावर त्यांनी बोट ठेवले आहे.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आत्मसंयमन म्हणजे तीव्र वासनांशी झुंज, अशी सर्वसाधारण कल्पना असते आणि म्हणूनच त्यासाठी उग्र उपायांकडे माणसाचा ओढा असतो. रामदासांच्या मते झुंजीचा प्रसंग येण्यापूर्वीच पराभव झालेला असतो, कारण लक्ष ठिकाणावर नसते. साहजिकच त्यांचा उपायही लक्षाच्या शिक्षणाचा आहे. अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात त्यांनी जो दिनक्रम सांगितला आहे तो याच दृष्टीने वाचावा. पहाटे उठून काही पाठांतर करावे, शौच, स्नान, पूजा उरकून काही फलाहार घ्यावा आणि नंतर संसाराचा धंदा करावा. ज्याचा जो व्यवसाय असेल त्यात त्याने खबरदार असावे, दुश्चितपणाने वागल्यास पोरही फसवून जाते, असा रोखठोक इशारा ते देतात. जेवणानंतर काही वाचावे, चर्चा करावी आणि एकांतात बसून ग्रंथांचे विवरण करावे. एकही क्षण रिकामा न जाऊ देणे हेच भाग्यवंताचे लक्षण, असे त्यांचे म्हणणे आहे.

या दिनक्रमात संसाराचा धंदा साधनेच्या आड येत नाही. तो तिचाच एक भाग होतो. दुकानात अथवा शेतावर ज्याचे अवधान सुटते त्याचे श्रवणातही सुटते, आणि श्रवणात ज्याला अवधानाची सवय लागली तो व्यवहारातही सावध राहतो, असा परस्परसंबंध रामदासांनी गृहीत धरला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात सवयीची चर्चा करताना प्रयत्नाची शक्ती रोजच्या छोट्या सरावाने जागी ठेवावी, असे प्रतिपादन केले आहे. दोघांच्या तात्त्विक भूमिकांत मोठे अंतर असले तरी संयमन ही अचानक प्रकटणारी वृत्ती नसून ती रोज घडवावी लागते, या निरीक्षणात ते एकत्र येतात.

४. श्रवणाचे साधन म्हणून स्वरूप

सातव्या दशकाचे आठवा आणि नववा हे दोन समास श्रवणनिरूपणाचे आहेत. एकाच विषयाला सलग दोन समास द्यावेत, यावरूनच त्याचे महत्त्व ध्यानात येते. एकदा ऐकले की काम झाले, असे मानणाऱ्या श्रोत्याला रामदासांनी अन्नपाण्याचा दाखला दिला आहे. खाल्लेलेच अन्न पुन्हा खावे लागते, प्यालेलेच पाणी पुन्हा प्यावे लागते, तसे श्रवण आणि मनन पुन्हा पुन्हा करावे लागते. हा दाखला साधनेसंबंधीचा एक मोठा गैरसमज दूर करतो. साधना म्हणजे एकदा मिळवून ठेवावयाची सिद्धी नव्हे. तिचे स्वरूप आहारासारखे आहे आणि म्हणून तिच्यात नावीन्यापेक्षा नित्यतेला मोल आहे.

श्रवणाबरोबर मनन हा शब्द रामदास सातत्याने जोडतात. अठराव्या दशकाच्या दहाव्या समासात त्यांनी श्रोत्याची अवलक्षणे सांगितली आहेत आणि तेथे अनवधानी श्रोत्याची त्यांनी गय केलेली नाही. ऐकणे ही निष्क्रिय अवस्था आहे, असे मानले तर हा कडकपणा अनाकलनीय ठरेल. बोललेल्या वाक्याचा अर्थ लावणे, आधीच्या समासाशी त्याची संगती पाहणे, आशंका मनात धरणे आणि तिचे निरसन होईपर्यंत धीर धरणे, इतक्या क्रिया चांगल्या श्रवणात अंतर्भूत असतात. मनाला रिकामे करण्याऐवजी अर्थाच्या कामाला जुंपणे, हे या साधनेचे वैशिष्ट्य होय.

याला जोड मिळते ती लक्षणांच्या समासांची. दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे, उत्तम लक्षणे, कुविद्येची लक्षणे, रज, तम आणि सत्त्व या गुणांची लक्षणे, विरक्ताची लक्षणे आणि शेवटी पढतमूर्खाची लक्षणे अशी मालिकाच येते. अभ्यासकांनी या समासांतील विनोद आणि लोकनिरीक्षण यांचे पुष्कळ कौतुक केले आहे. परंतु साधनेच्या दृष्टीने त्यांचे कार्य निराळे आहे. यादी ऐकताना श्रोता प्रथम शेजाऱ्याला ओळखतो आणि हसतो. दहावीस ओव्यांनंतर एखाद्या लक्षणात तो स्वतःला ओळखतो. पाचव्या दशकाच्या अखेरीस बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे स्वतंत्र समासांत सांगून रामदासांनी श्रोत्याला आपली पायरी तपासण्याची सोय करून दिली आहे. आत्मपरीक्षणाची ही रीत कबुलीजबाबाची नाही. दोष कोणापुढे उच्चारावा लागत नाही, तो ऐकता ऐकता मनातल्या मनात उमगतो. समूहात बसूनही माणसाचा एकांत येथे राखला जातो.

एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेचा समास आहे. बाळबोध अक्षर कसे काढावे, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत कसे राखावे, याचा उपदेश तेथे आढळतो. ब्रह्मनिरूपण करणारा ग्रंथ अक्षराच्या वळणाकडे वळतो, याचे काहींना आश्चर्य वाटते. अवधानाची साधना हे ग्रंथाचे एक मध्यवर्ती सूत्र मानले, तर हा समास तेथे उपरा वाटत नाही. शेवटच्या पानापर्यंत अक्षर न बिघडू देणे हे मनाच्या एकसारखेपणाचे दृश्य प्रमाण आहे. समर्थ संप्रदायात ग्रंथलेखनाची जी परंपरा रुजली तिचे मूळ येथे आहे. कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातील डोमगावच्या प्रतीवरून शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली ‘दासबोध’ छापून प्रसिद्ध केला. त्यामुळे हा ग्रंथ मठांच्या बाहेर सामान्य वाचकांच्या घरात पोहोचण्यास मोठे साह्य झाले.

५. गोरेगावची बैठक

१९४३ सालचे गोरेगाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत नव्हते. १९५७ साली हद्दवाढ झाली तेव्हा ते बृहन्मुंबईत आले. तोपर्यंत तेथे ग्रामपंचायतीचा कारभार होता. आरे दुग्ध वसाहतीची उभारणीही त्यानंतरची, १९४९ सालची. मात्र लोकल गाडीने हे गाव मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि कचेऱ्या यांना जोडलेले होते. महायुद्धामुळे महागाई वाढलेली होती आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचे गावाकडील कुलाचार, यात्रा, भजनीमंडळे यांचे आधार सैल झाले होते आणि शहराच्या घड्याळाने त्यांच्या दिवसाचा ताबा घेतला होता.

अशा श्रोत्याला कोणती साधना शक्य होती, याचा विचार केला म्हणजे बैठकीच्या स्वरूपातील औचित्य ध्यानात येते. हठयोगाला जागा, एकांत आणि आहाराचे पथ्य लागते. चाळीतील एका खोलीत ते जमणे कठीण. वारीला सलग काही आठवड्यांची रजा लागते. पूजाविधीला द्रव्य लागते. बैठकीला मात्र आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि बसण्यापुरती जागा पुरेशी होती. निरूपणासाठी शुल्क नाही, दक्षिणा नाही. पुरुष, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वेगवेगळ्या बैठका, अशी तिची पद्धत रूढ झाली. येणाऱ्यांना ‘श्रीसदस्य’ म्हणतात. रायगड, ठाणे आणि मुंबईच्या परिसरातील आगरी, कोळी, कुणबी अशा कष्टकरी समाजांत या बैठकांचा विशेष प्रसार झाला. व्यसनमुक्तीवर दिला गेलेला भर हे त्याचे एक ठळक फलित मानले जाते. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता यांसारखे उपक्रमही या परंपरेने पुढे हाती घेतले.

व्यसनमुक्तीचे उदाहरण साधनेच्या चर्चेत उद्बोधक आहे. दारू सोडण्याचा निश्चय माणूस अनेकदा करतो आणि तो टिकत नाही. बैठकीत त्याच्या निश्चयाला तीन आधार मिळतात. पहिला आधार ठरलेल्या वेळेचा; आठवड्यातील एक संध्याकाळ निश्चितपणे दुसऱ्या कामी लागते आणि तिच्या अनुषंगाने इतर दिवसांनाही आकार येतो. दुसरा आधार सोबतीचा. ज्यांच्याबरोबर पिणे होत असे त्यांच्याऐवजी ज्यांच्याबरोबर ऐकणे होते अशी माणसे जोडली जातात. तिसरा आधार शब्दांचा. आपल्या वर्तनाला नाव देण्याची भाषा ग्रंथातून मिळते. ‘दुश्चित’, ‘बद्ध’, ‘विवेक’, ‘प्रचीती’ हे शब्द पारिभाषिक न राहता रोजच्या बोलण्यात येतात. ज्या अवस्थेला नाव नाही तिच्याकडे पाहणे कठीण असते. नाव मिळाले की ती अवस्था माणसापासून थोडी अलग होते आणि तिच्यावर विचार करता येतो. वाङ्मयाच्या सामर्थ्याची ही बाजू समीक्षेने फारशी विचारात घेतलेली नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ज्याला वाचता येत नाही अशालाही या साधनेत पूर्ण अधिकार आहे. ‘दासबोधा’चे मूळ रूप श्राव्य असल्यामुळे अक्षरज्ञान ही त्याची पूर्वअट ठरत नाही. उलट श्रवणाने ग्रंथाची ओढ लागून पुढे वाचनाकडे वळणे शक्य होते. नानासाहेब धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ हे निरूपणकार्य केले. २००८ साली त्यांचे निधन झाले आणि त्या वर्षीचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

६. शेजारच्या साधना

श्रवणाची वैशिष्ट्ये इतर साधनांच्या तुलनेत अधिक स्पष्ट होतात आणि अशा तुलनेसाठी मुंबईच्या उपनगरांतच पुरेशी सामग्री आहे. गोरेगावच्या पुढच्याच मालाडमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक के. वि. बेलसरे राहत असत. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या परंपरेतील बेलसरे यांनी ‘दासबोधा’चा अर्थ विशद केला, पण साधना म्हणून नामस्मरणावर भर दिला. एकाच ग्रंथाचा आदर करणाऱ्या दोन परंपरा दोन भिन्न साधनांकडे वळल्या, ही गोष्ट निवडीच्या प्रश्नावर प्रकाश टाकते. नामाला अर्थाच्या विवरणाची गरज नाही, ते काम करता करता घेता येते आणि त्यासाठी समूहाचीही आवश्यकता नाही. श्रवणाला समूह लागतो आणि बुद्धीचा सहभाग लागतो.

वर्सोव्याला १९१८ साली श्रीयोगेंद्र यांनी योगाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेची जोड दिली. या दोघांनी योग गृहस्थाच्या आवाक्यात आणला. येथे मनाला आधार दिला जातो तो देहाच्या स्थैर्याचा. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत विपश्यनेचे शिबिर घेऊन या साधनेचा भारतात पुन्हा प्रसार आरंभिला. इगतपुरीचे केंद्र आणि २००९ साली लोकार्पण झालेला गोराईचा पॅगोडा ही तिची मोठी स्थाने आहेत. दहा दिवसांचे मौन, शीलाचे पालन आणि श्वासाच्या निरीक्षणापासून सुरुवात, असा तिचा क्रम आहे. येथे शब्द जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवला जातो आणि श्वास व संवेदना यांवर लक्ष केंद्रित केले जाते.

देह, श्वास, नाम आणि अर्थ असे मनाचे चार आधार यातून दिसतात. ज्याचे शरीर अस्वस्थ आहे त्याला देहापासून प्रारंभ करणे सोयीचे. ज्याला विचारांचा गोंधळ छळतो त्याला काही दिवसांचे मौन उपकारक. ज्याला हातातले काम सोडता येत नाही त्याला नाम सोपे. आणि ज्याच्या अडचणीचे मूळ वागण्याबोलण्यात, नात्यांत आणि व्यवहारात आहे त्याला अर्थाचा आधार अधिक उपयोगी. हे वर्गीकरण काटेकोर नाही आणि एकाच माणसाला आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे आधार लागू शकतात. उपनगरातील याच वस्तीत केशव आणि मृणाल गोरे यांच्यासारख्यांनी लोकसेवेची शिस्त अंगीकारली. तेथे मनोनिग्रह हा स्वतंत्र हेतू नसून कामाच्या ओघात येणारा गुण होता, याचेही स्मरण ठेवावे लागते.

७. श्रवणाच्या मर्यादा आणि प्रचीतीची कसोटी

श्रवणाच्या साधनेत एक धोका अंगभूत आहे. जो ऐकतो त्याला ऐकण्याची सवय लागते. ती स्वतःच्या मनावरील ताब्यात परिणत होईलच असे नाही. तिचे रूपांतर केवळ आज्ञाधारकतेत होऊ शकते. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्या दिसतात. वेळेवर येणे, शांत बसणे, नियम पाळणे या गोष्टी दोहोंतही असतात. फरक कळतो तो सांगणारा समोर नसताना.

हा धोका रामदासांच्या ध्यानात आलेला होता. पढतमूर्खाच्या समासात त्यांनी ज्ञान बोलणाऱ्या पण तसे न वागणाऱ्याची, ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला दूषण देणाऱ्याची कठोर शब्दांत हजेरी घेतली आहे. पाचव्या दशकाच्या दुसऱ्या समासात गुरूची पारख सांगताना, जे शिष्याकडून साधन करवीत नाहीत आणि इंद्रियांचे दमन घडवीत नाहीत असे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी त्यागावेत, असे त्यांनी बजावले आहे. येथे गुरूच्या कसोटीचे माप शिष्याच्या वर्तनात ठेवलेले आहे, गुरूच्या चमत्कारात किंवा अनुयायांच्या संख्येत नाही. दहाव्या दशकात प्रचीतीचे निरूपण करताना, व्यवहारातील साधी वस्तूसुद्धा माणूस पारखून घेतो, मग परमार्थात अनुमानावर विसंबून कसे चालेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आशंका घेणारा श्रोता हा ग्रंथाच्या रचनेचाच घटक असल्यामुळे, प्रश्न न विचारणारे श्रवण ‘दासबोधा’च्या दृष्टीने अपुरेच ठरते.

समूह जसजसा मोठा होतो तसतशी ही कसोटी अवघड होत जाते. घरगुती बैठकीत श्रोत्याचा चेहरा निरूपणकाराला दिसतो. लाखोंच्या मेळाव्यात तसे घडणे शक्य नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा शासकीय समारंभ उघड्या मैदानावर झाला. त्या वेळी उन्हाच्या तडाख्याने दहाहून अधिक उपस्थितांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेच्या जबाबदारीची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. तथापि सोसण्याची शक्ती आणि संयमन या दोन गोष्टी एक नव्हेत, याची तीव्र जाणीव ती घटना करून देते. ‘दासबोधा’तील श्रवणाच्या साधनेत देहदंडाला मूल्य दिलेले नाही. तेथे मूल्य आहे ते सावधपणाला आणि देहाची काळजी घेणे हाही सावधपणाचाच भाग आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘दासबोधा’त मनोनिग्रहाचा प्रश्न मुख्यतः अवधानाचा प्रश्न म्हणून मांडलेला आहे. विकारांपूर्वी दुश्चितपणा येतो, हे त्याचे निदान आहे आणि नित्य श्रवण-मनन हा त्यावरील उपाय आहे. साधना निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे या ग्रंथाच्या आधारे म्हणता येईल : ती आपल्या संसारात रोज बसेल इतकी माफक आहे काय, तिच्यात बुद्धीला आणि आशंकेला जागा आहे काय, आणि तिचा परिणाम आपल्या वर्तनात, इतर कोणाच्या सांगण्याविना, आपल्यालाच दिसतो काय. गोरेगावच्या बैठकीने पहिली अट ठळकपणे पूर्ण केली आणि तिच्या प्रसाराचे रहस्य पुष्कळ अंशी त्यातच आहे. उरलेल्या दोन अटी कोणतीही संस्था श्रोत्याच्या वतीने पूर्ण करू शकत नाही. समास ऐकून घरी परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या गर्दीत, कामाच्या जागी आणि घरच्या माणसांशी बोलताना कसा वागतो, यावर त्या ठरतात. ‘दासबोधा’चा अभ्यास करताना त्याच्या भाषेचा, तत्त्वज्ञानाचा आणि राजकीय आशयाचा विचार पुष्कळ झाला आहे. ऐकणाऱ्याच्या मनावर घडणाऱ्या त्याच्या कार्याचा विचार मात्र अद्याप व्हावयाचा आहे आणि त्यासाठी ग्रंथाच्या प्रतींइतकेच त्याच्या श्रोत्यांकडेही अभ्यासकांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.